तो रस्त्यावरचा गायक नव्हता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत शब्दकोड्याच्या वर एक चौकट होती. जगभरातल्या पाच उपेक्षित कलावंतांची. त्यात तिसरं नाव स्नूक्स ईग्लिनचं. त्याच्या वाट्याला साडेतीन ओळी आल्या होत्या: न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवर गिटार वाजवून पोट भरणारा अंध ब्लूज गायक, जन्मभर गावाबाहेर पडला नाही, उपेक्षेतच संपला. मी चौकट दोनदा वाचली, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली. हिने ओट्याजवळून विचारलं, "कोण गेलं?" मी पेपर असा धरून बसलो की आमच्याकडे पहिला प्रश्न हाच येतो.

गेला तो २००९ सालीच. पण त्या साडेतीन ओळींत 'अंध' हा एक शब्द सोडला तर बाकी सगळ्याला हरकत घ्यावी असं आहे. ती घेणारा माझ्याशिवाय दुसरा कुणी तुमच्या वाचकांत निघेल असं वाटत नाही, म्हणून हे पत्र. लांबलंय, कल्पना आहे. कापायची वेळ आली तर माझ्याबद्दलचं कापा, त्याच्याबद्दलचं ठेवा.

मी मर्चंट नेव्हीत इलेक्ट्रिकल ऑफिसर होतो. जहाजावर आम्हाला 'बत्तीसाब' म्हणतात. १९९८ साली आमचं जहाज मका भरायला अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीत शिरलं. समुद्रापासून नदीतून जवळजवळ दोनशे किलोमीटर वर, न्यू ऑर्लिन्स मागे टाकून, डेस्ट्रेहान नावाच्या गावी. तिथे नदीकाठी धान्याची अजस्र कोठारं आहेत. पट्ट्यावरून मका येतो आणि जाडजूड नळातून थेट जहाजाच्या पोटात पडतो. पण धान्याचं एक आहे, पावसाचा थेंब आला की हॅच, म्हणजे जहाजाच्या पोटावरची झाकणं, बंद. दाणा भिजला की माल गेला. त्या आठवड्यात पाऊस असा धरून बसला होता की मला रत्नागिरीतला आषाढ आठवला. लोडिंग ठप्प. चीफ ऑफिसर आभाळाकडे बघून शिव्या घालत होता आणि आम्ही खाली शोअर लीव्हचे, म्हणजे किनाऱ्यावर उतरायचे, पास मागत होतो.

शनिवारी संध्याकाळी आम्ही तिघांनी मिळून टॅक्सी केली. मी, थर्ड इंजिनिअर आणि गोव्याचा चीफ कुक. हा कुक केबिनमध्ये गिटार बाळगायचा आणि जेवण झालं की वाजवायचा, त्यामुळे त्याच्या हातची करपलेली डाळसुद्धा आम्ही माफ करायचो. त्याने ड्रायव्हरला सांगितलं, जिथे टुरिस्ट जातात तिथे नको, गिटार ऐकायची आहे. ड्रायव्हर वयस्क गृहस्थ होता. त्याने आरशातून आम्हाला न्याहाळलं आणि म्हणाला, आज स्नूक्स आहे, शनिवार आहे आणि सूर्य मावळलाय, म्हणजे तो वाजवणार. सूर्याचं काय प्रकरण ते मला तेव्हा कळलं नाही. पुढे म्हणाला, तुमचं जहाज बांधलंय त्याच्या शेजारच्या गावातच तो राहतो, सेंट रोझला. पण ऐकायला शहरात जावं लागेल.

त्याने आम्हाला जिथे सोडलं ते नाट्यगृह नव्हतं आणि बारही नव्हता. कॅरलटन आणि टुलेन या दोन रस्त्यांच्या कोपऱ्याशी दुकानांची एक जुनाट ओळ होती, तिच्या वरच्या मजल्यावर बोलिंगचा अड्डा. १९४१ पासूनचा. हा अड्डा डबघाईला आलेला असताना १९८८ मध्ये एका गृहस्थाने विकत घेतला आणि तिथे बँड लावायला सुरुवात केली. एका बाजूला लोक लाकडी पट्ट्यांवरून जड गोळे सोडतायत, पिना धडाधड पडतायत, आणि त्याच हॉलमध्ये दुसऱ्या बाजूला छोटा स्टेज. स्टेजसमोर नाचायला जागा. आजोबा नातीला घेऊन नाचत होते. कोपऱ्यात तळलेलं काहीतरी मिळत होतं. मला पहिल्यांदा वाटलं, ड्रायव्हरने फसवलं.

स्नूक्स खुर्चीवर बसून वाजवत होता. साठी-बासष्टीचा, अंगाने भरलेला. तारा छेडायची चपटी पट्टी असते, पिक म्हणतात, ती हातात नाही. उजव्या हाताचा अंगठा, त्याचं नख आणि बाकीची बोटं, सगळी एकदम कामाला लावलेली. अंगठा खाली बेसचा सूर धरायचा, बोटं मधे कॉर्ड तोडायची, आणि मधूनच वरच्या तारेवर एक तान अशी सुटायची की बाकीचं थांबायला हवं होतं, पण थांबायचं नाही. आमचा कुक स्टेजच्या कडेने वाकून मागे बघून आला. मला म्हणाला, "बत्तीसाब, दुसरा गिटारवाला खंय लपला?" दुसरा नव्हता.

त्या हाताचं कारण मला नंतर वाचनात सापडलं. हा १९५२ मध्ये, सोळा वर्षांचा असताना, गावातल्या फ्लेमिंगोज नावाच्या सात जणांच्या बँडमध्ये लागला. तो बँड उभा करणारा पोरगा ॲलन टूसाँ. पुढे न्यू ऑर्लिन्सच्या निम्म्या गाजलेल्या गाण्यांमागे ज्याचं डोकं होतं तोच हा. त्या बँडला बेसवाला नव्हता. म्हणून स्नूक्सने गिटारवरच दोन्ही कामं उचलली, आणि ती सवय लागली ती लागलीच. ऑर्केस्ट्रात वावरलेल्या कुणालाही हे पटेल. आमच्याकडे पूर्वी एखाद्या सुपारीला, म्हणजे पैसे ठरवून घेतलेल्या कार्यक्रमाला, ढोलकीवाला आला नाही की ऑक्टोपॅडवाल्याचा हात असाच वाढायचा. फ्लेमिंगोजची एक दंतकथा त्या गावात सांगतात: एका कार्यक्रमानंतर अख्खा बँड झिंगलेला, गाडी चालवायला कुणी शुद्धीवर नाही, तेव्हा या आंधळ्या पोराने चाकाखालच्या खडीचा आवाज ऐकत गाडी घरी आणली. खरी असेल नसेल. पण ज्या गावात एखाद्याबद्दल अशी कथा तयार होते, ते गाव त्याची उपेक्षा करत असतं असं मला वाटत नाही.

आता 'रस्त्यावरचा गायक' या शब्दांकडे येतो, कारण खरी ठेच तिथे आहे.

फर्ड ईग्लिन ज्युनियर, जन्म १९३६, न्यू ऑर्लिन्स. वर्षभराचा होतो न होतो तोच काचबिंदूने दृष्टी गेली. स्नूक्स हे नाव रेडिओवरच्या एका खोडकर मुलीच्या पात्रावरून पडलं. पाचेक वर्षांचा असताना बापाने गिटार आणून दिली. गुरू रेडिओ. रेडिओवर जे लागेल ते, मग ते ब्लूज असो, चर्चमधलं असो, नाचाचं असो की गोऱ्यांचं कंट्री, सगळं तो बोटांत उतरवायचा. अकराव्या वर्षी गावातल्या रेडिओ केंद्राची स्पर्धा जिंकली. चौदाव्या वर्षी अंधशाळा सोडून धंद्यात उतरला. १९५३ मध्ये, म्हणजे सतराव्या वर्षी, शुगर बॉय क्रॉफर्ड या गायकाच्या रेकॉर्डिंगला स्टुडिओत गिटार वाजवून आला होता. विजेची गिटार, बँड, नाचणारी माणसं, रात्रीचे कार्यक्रम, हे त्याचं रोजचं जग.

आणि मग १९५८ मध्ये बॅटन रूजच्या युनिव्हर्सिटीतून हॅरी ऑस्टर नावाचे लोकसंगीताचे अभ्यासक आले. त्यांना स्नूक्स रस्त्यावर वाजवताना सापडला, असं त्यांनीच सांगितलं. वाजवलंही असेल. बावीस वर्षांच्या पोराने, रात्रीच्या कार्यक्रमाला अवकाश असताना, कोपऱ्यावर चार गाणी वाजवली तर बिघडलं काय? ऑस्टरना लोकगायक हवा होता. त्यांनी याच्या हातात लाकडी गिटार दिली, बँड नाही, ढोल नाही, बहुतेक वेळा एकट्याला बसवलं आणि दोनेक वर्षांत सात बैठकींत रेकॉर्ड केलं. १९५९ मध्ये त्यातली पहिली तबकडी फोकवेज कंपनीने काढली. तिचं नावच 'न्यू ऑर्लिन्स स्ट्रीट सिंगर'. झालं. तुमच्या चौकटीतला शब्द तिथून आलाय. आज साठाहून जास्त वर्षं तो शब्द एका कागदावरून दुसऱ्या कागदावर उतरवला जातोय.

ऑस्टर वाईट माणूस होता असं माझं म्हणणं नाही. त्यांच्यामुळे याचं नाव युरोपात पोहोचलं हे खरं आहे, आणि त्या तबकडीतली गिटार मी आजही ऐकतो. पण कल्पना करा, पुण्यामुंबईहून कुणी अभ्यासक यावेत, ऑर्केस्ट्रात वीस वर्षं लीड गिटार वाजवणाऱ्या माझ्या मामेभावाला घोंगडी पांघरायला लावावी, हातात एकतारी द्यावी आणि सांगावं, आता आजीकडून ऐकलेल्या ओव्या म्हण. तो म्हणेल. त्याला येतात. पण त्यावरून त्याचं नाव 'ओवीवाला' पडावं?

स्नूक्सने लगेच पुढच्या वर्षी काय केलं ते बघा. १९६० ते १९६३ इम्पीरियल या कंपनीसाठी तो २६ गाणी रेकॉर्ड करत होता. त्यातली बरीच डेव्ह बार्थोलोम्यू यांची, फॅट्स डॉमिनोची गाणी ज्यांच्या हाताखालून गेली तेच हे. पियानोवर जेम्स बुकर, पुढे बँड, हातात विजेची गिटार. एकीकडे जग त्याला झाडाखालचा सूरदास समजत होतं, दुसरीकडे हा झकास नाचाची गाणी काढत होता. ती फार चालली नाहीत. त्यानंतर बरीच वर्षं त्याच्या नावावर फारसं काही निघालं नाही. एवढाच काळ धरला तर उपेक्षा म्हणा हवं तर.

ब्लूजवाला ही दुसरी चूक, निदान अर्धी. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ब्लूज म्हणजे साधारण तीन कॉर्डचं, बारा बारचं आवर्तन. बार म्हणजे तालाचा एक छोटा तुकडा. गाणारा त्यात आपलं रडगाणं घालतो आणि बहुतेक वेळा त्यातून हसतो. फंक ही वेगळी जात आहे. तिथे सगळं वजन समेवर. गिटार सूर धरून बसत नाही, बोटांनी तारा अर्धवट दाबून चक-चक, चक-चक करत राहते, ढोलकीवाल्याचं काम उचलते. न्यू ऑर्लिन्समध्ये या फंकला आणखी एक पाणी चढलंय. तिथे अंत्ययात्रेलासुद्धा बँड असतो. जाताना संथ, आणि माणसाला निरोप दिल्यावर परतताना नाचायची चाल. बँडमागून छत्र्या-रुमाल उडवत लोक चालतात, त्यांना 'सेकंड लाइन' म्हणतात. त्या चालीतला ढोल समेवर बसता बसता जरासा निसटतो. आमच्याकडे शिमग्यात पालखी नाचवताना ढोलवाला शेवटच्या ठोक्याला हात जो रोखून धरतो, साधारण तसं. त्या रात्री बोलिंगच्या अड्ड्यात माझे पाय ज्याला हलले ते हेच होतं. ब्लूजला मी एवढा हललो नसतो.

त्याच शहरात कार्निव्हलला 'मार्डी ग्रा इंडियन' निघतात. इंडियन म्हणजे आपण नव्हे, अमेरिकेतल्या आदिवासींचा वेश घेतलेल्या टोळ्या. वस्त्यांमधले कष्टकरी काळे लोक वर्षभर रात्री जागून मणी आणि पिसांचे अंगरखे शिवतात, दर वर्षी नवा, आणि डफासारख्या टॅम्बोरिनवर पारंपरिक आरोळ्या गात रस्त्यावर येतात. त्यांतल्या वाइल्ड मॅग्नोलियाज या टोळीच्या गाण्यांमागे विली टी नावाच्या संगीतकाराने १९७३ मध्ये अख्खा फंक बँड उभा केला. नमनाच्या खेळ्यांच्या गाण्यांमागे कुणी बेस, कीबोर्ड आणि ड्रम लावावेत तसा हा उद्योग. आणि चक्क जमून आला. त्यात गिटार स्नूक्सची. ही रेकॉर्ड मिळाली तर जरूर ऐका, आणि त्यात लोकगीताच्या तबकडीवरचा तो एकटा बिचारा आंधळा कुठे सापडतो का बघा.

त्याआधी, १९७१-७२ मध्ये, प्रोफेसर लाँगहेअर या त्या शहराच्या थोर पियानोवाल्याबरोबर त्याने काही रेकॉर्डिंग केलं. लाँगहेअर तोवर विस्मरणात गेले होते, ते या सुमारास पुन्हा वर आले, आणि त्यांच्या जोडीला गिटारवर हा. ते टेप पडून राहिले. लाँगहेअर १९८० मध्ये वारले. १९८७ मध्ये ते रेकॉर्डिंग बाजारात आलं आणि त्याला ग्रॅमी मिळालं. मला या गोष्टीतलं ग्रॅमी तितकंसं महत्त्वाचं वाटत नाही. पंधरा वर्षं ते टेप कपाटात होते, त्या पंधरा वर्षांत या माणसाने गावात किती रात्री वाजवलं असेल ते मी मोजतो. त्या रात्री कुठल्याच टेपवर नाहीत.

१९८७ पासून न्यू ऑर्लिन्सच्याच ब्लॅक टॉप या कंपनीने त्याच्या तब्येतीला मानवेल अशा रेकॉर्ड काढल्या. बारा वर्षांत स्टुडिओत केलेल्या चार आणि एक जपानमधल्या कार्यक्रमाची. जपानमधली! आणि तुमची चौकट म्हणते गावाबाहेर पडला नाही. बेसवर बहुतेक वेळा जॉर्ज पोर्टर ज्युनियर, म्हणजे मीटर्स या बँडचा. फंक कसं वाजवायचं हे ज्या चार-पाच जणांनी जगाला शिकवलं त्यांतला एक.

मी ऐकलं त्या रात्री बेसवर कोण होतं ते विचारायचं मला सुचलं नाही, कारण मला तेव्हा यांतलं एकही नाव ठाऊक नव्हतं. मी एवढंच पाहिलं की बेसवाल्याची नजर स्नूक्सच्या डाव्या हातावरून क्षणभरही हलत नव्हती. कारण गाण्यांची यादीच नव्हती. आमच्या ऑर्केस्ट्राला डायरी असते. गाणं, गायक, पट्टी, पीस कुठून सुरू, सगळं टिपलेलं. इथे गर्दीतून कुणीतरी गाण्याचं नाव ओरडायचं आणि त्याचं ओरडून होईपर्यंत गिटार सुरू. पट्टी कुठली, हे बाकीच्यांनी त्याचा हात बघून ओळखायचं. मधेच त्याला दुसरंच गाणं आठवलं तर तिकडे वळायचा, आणि ड्रमवाला हसत हसत मागून धावायचा. आपल्याला अडीच हजार गाणी येतात असं तो मुलाखतींत सांगत असे. गावाने त्याचं नाव 'मानवी ज्यूकबॉक्स' ठेवलं होतं. थर्ड इंजिनिअरला काय सुचलं कोण जाणे, त्याने हिंदी गाण्याचं नाव ओरडलं. स्नूक्सने मान वळवली, आवाजाच्या दिशेने मोठ्याने हसला आणि स्वतःच्याच कुठल्यातरी गाण्यात शिरला. एका लांबलचक तुकड्याच्या ऐन शेवटी पलीकडच्या लेनवर कुणाच्या तरी दहाच्या दहा पिना एकदम कोसळल्या, बरोबर समेवर. अख्ख्या हॉलने टाळी दिली. कुणाला दिली ते सांगता येणार नाही.

परतताना तोच ड्रायव्हर न्यायला आला होता. मी सूर्याचं विचारलं. तो म्हणाला, स्नूक्स सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाचा आहे. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी मावळेपर्यंत त्यांचा पाळायचा दिवस. तेवढ्या वेळात तो गिटारला हात लावून पैसे घेत नाही. संगीतावर जगणाऱ्या माणसाला शुक्रवारची रात्र म्हणजे काय, हे ज्यांना सुपारीचा हिशेब कळतो त्यांना सांगायला नको. आठवड्यातली सगळ्यात मोठी कमाई. ती तो वर्षानुवर्षं नाही म्हणून सोडत होता. ज्याला कुणी विचारत नाही, तो नाही कुणाला म्हणणार?

याचं मला इतकं का लागलं, तेही सांगतो. वर ज्याचा उल्लेख आला तो माझा मामेभाऊ. पस्तीस वर्षं गिटार वाजवतोय. लग्नं, गणपती, पूजा, बँकेच्या कर्मचाऱ्यांची स्नेहसंमेलनं, सगळं. जिल्ह्यातली निम्मी पोरं त्याच्याकडे पहिली कॉर्ड शिकली. त्याच्या साठीला मित्रांनी छोटा कार्यक्रम केला. स्टेजवर जो उठला तो एकच वाक्य बोलला: मुंबईला गेला असता तर आज कुठे असता. त्यात मीही होतो. मी तर नुसतं बोललो नाही, तरुणपणी बोटीवरून येताना त्याच्यासाठी तारा आणायचो आणि दर वेळी म्हणायचो, चल, दादरला माझ्या मित्राच्या खोलीवर राहा, स्टुडिओत चिकटवून देतो. एकदा गेलाही होता. पाच आठवड्यांनी परत आला. का परतलास असं मी रागाने विचारलं, तर म्हणाला, "दादा, थय आठ तास बसायचा आनि चार बार वाजवायचे."

त्या समारंभात त्याचा चेहरा मी पाहिला. शाल खांद्यावर, नारळ हातात, आणि आपलं आयुष्य फुकट गेल्याची बातमी जो तो येऊन प्रेमाने सांगतोय. तो हसत होता. दुसऱ्या दिवशी त्याची चिपळूणला सुपारी होती, म्हणून लवकर निघाला.

मोठं होण्याबद्दल माझी तक्रार नाही. बडी गाय या ब्लूज गिटारवाल्याचं उदाहरण घ्या. तोही १९३६ चा, तोही स्नूक्सच्याच लुइझियाना राज्यातला. एकवीस वर्षांचा असताना, १९५७ मध्ये, शिकागोला गेला आणि जगाचा झाला. २०११ मध्ये वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत ब्लूज महोत्सव सुरू झाला तेव्हा पहिल्याच वर्षी तो मुंबईत येऊन वाजवून गेला. माझा भाचा गेला होता, अजून मोबाइलमधला व्हिडिओ दाखवतो. उत्तमच आहे. पण एक शिकागोला गेला म्हणून दुसरा सेंट रोझला राहून 'संपला' असा हिशेब मला मांडता येत नाही. स्नूक्स १८ फेब्रुवारी २००९ रोजी गेला, त्र्याहत्तराव्या वर्षी. आजारी होता. पण त्याच वसंतात न्यू ऑर्लिन्सच्या जाझ फेस्टमध्ये पुन्हा वाजवणार म्हणून त्याचं ठरलेलं होतं. असं मरण माझ्या मामेभावाला आलं तर तुमचा वार्ताहर काय लिहील ते मला आत्ताच ऐकू येतंय, म्हणून आगाऊ सांगून ठेवतो.

एक सुचवू का? अशा माणसांवर लिहायला मुलगा-मुलगी पाठवाल तेव्हा त्यांना 'संधी मिळाली असती तर' हा प्रश्न घरी ठेवून यायला सांगा. त्याऐवजी विचारा: पहिली बिदागी किती मिळाली, आता किती घेता. कुणाच्या लग्नात वाजवलंत आणि मग त्याच्या मुलाच्या लग्नात वाजवलंत का. कुठली सुपारी नाकारली. माझ्या मामेभावाला हा शेवटचा प्रश्न विचारलात तर तो सांगेल, शिमग्यात पालखी घरी येते ते दिवस. एका वर्षी दुबईच्या मंडळाने तिकीट काढून बोलावलं होतं, तेव्हाही नाही म्हणाला. मी त्याला त्या वेळी मूर्ख म्हणालो होतो. स्नूक्सच्या शुक्रवारची गोष्ट मी त्याला परवा तुमची चौकट दाखवताना सांगितली. त्याने फक्त विचारलं, "मगे शनिवारी किती वाजता सुरू करायचा?"

छापलेल्या पेपरचं आता काही होणार नाही. पण इंटरनेटवरच्या आवृत्तीत 'रस्त्यावरचा' आणि 'उपेक्षित' हे दोन शब्द निदान काढता येतील. 'ब्लूज'च्या पुढे 'आणि फंक' एवढं घालायला जागा आहे, मी मोजून पाहिली. माझं नाव छापू नका, मामेभाऊ पेपर वाचतो.

आपला,
एक निवृत्त बत्तीसाब
रत्नागिरी

ता. क. चौकटीतला फोटोही बदलावा. फोटोतल्या माणसाच्या हातात बँजो आहे, आणि तो कॅमेऱ्याकडे बघून डोळा मारतोय.